हायडन ऐकण्याची वही : १७७२ सालापर्यंत

अठराव्या शतकातल्या योसेफ हायडन या संगीतकाराच्या सगळ्या सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या अनेक भागांच्या रचना, मी ओळीनं ऐकते आहे. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पंचविसाव्या सिंफनीच्या आसपास अडकले आहे. रोज सकाळी चहा होईपर्यंत एक सिंफनी ऐकून व्हायची, वहीत खूण व्हायची, आणि दुपारी आठवायला बसलं की काहीच आठवायचं नाही. तेव्हा थांबले आणि यादीच नव्याने केली. त्याचा इतका फायदा झाला की आज पन्नाशी ओलांडली आहे, आणि यातल्या निदान वीस तरी सिंफनी मला आता चेहऱ्यानं ओळखता येतात.

चूक क्रमांकांमुळे होत होती. १ ते १०४ हे आकडे हायडननं दिलेले नाहीत. ते १९०७ मध्ये मांडिचेव्स्की या संगीत-अभ्यासकांनी लावले, आणि नंतरच्या संशोधनात त्यांतले बरेच मागेपुढे सरकले. ७२ क्रमांकाची सिंफनी ७१ च्या शेजारी बसली आहे, पण ती १७६० च्या दशकातली, हायडन नोकरीत नवा असतानाची आहे. ३७ तर त्याहूनही आधीची. शिवाय यादीत नंतर 'ए' आणि 'बी' अशा दोन सिंफनी जोडल्या गेल्या, म्हणजे एकूण १०६. आता मी सालाप्रमाणे ऐकते आणि प्रत्येक सालासमोर एकच गोष्ट लिहून ठेवते: तेव्हा दरबारात वाजवायला कोण होतं.

हे दुसरं लिहायला लागल्यावर खरा फरक पडला.

१ मे १७६१ चा करार वाचला. एस्टरहाझी या सरदार घराण्याकडे उप-कपेलमाइस्टर, म्हणजे दरबारी संगीताचा उपप्रमुख, पगार वर्षाला ४०० गुल्डन. पांढरे मोजे, पांढरं लिनन, पावडर लावलेले केस. सकाळी आणि दुपारी राजेसाहेबांच्या दालनाबाहेर हजर राहून आज संगीत हवं का ते विचारायचं. परवानगीशिवाय बाहेरच्या कुणासाठी काही रचायचं नाही (हे कलम १७७९ च्या नव्या करारात निघालं). हे वाचून मला वाईट वाटलं होतं. पण लगेच ६, ७ आणि ८ ऐकल्या, ज्यांची नावंच 'सकाळ', 'दुपार' आणि 'संध्याकाळ' आहेत, आणि त्या करारातली दुसरी बाजू दिसली. हाताशी पंधराच्या आसपास वादक, पण त्यात व्हायोलिनला लुइजी तोमासिनी आणि चेलोला योसेफ वाइगल यांच्यासारखी माणसं. नव्या नोकरीत हायडननं पहिल्याच वर्षी जवळजवळ प्रत्येकाला एकट्यानं वाजवायची जागा करून दिली आहे. सहावीच्या मिनुएटच्या, म्हणजे नाचाच्या चालीवरच्या भागाच्या, मध्यावर चक्क डबल बास हे सर्वांत खर्जातलं तंतुवाद्य पुढे येतं. त्याच सिंफनीच्या पहिल्या भागात मूळ धून परत यायच्या जरासं आधीच एकटा हॉर्न, म्हणजे गोल वळवलेलं पितळी फुंकवाद्य, ती धून सुरू करतो. मला आधी वाटलं रेकॉर्डिंगमध्ये घोळ आहे. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर लिहिलेली प्रत, उघडला तर तसंच लिहिलेलं. तेव्हापासून मी हॉर्नवाल्यांवर कान ठेवून ऐकते. १३ व्या सिंफनीतला चेलोचा संथ भाग आणि ३१ व्या सिंफनीतले चार हॉर्न, दोन्हींसमोर वहीत ठळक खूण आहे.

मधली पाचसहा वर्षं भराभर गेली, त्यांवर वेगळं लिहीत नाही. २२ वी मात्र चुकवू नका. ओबो या सनईसारख्या वाद्याऐवजी त्याचेच खालच्या आवाजाचे भाऊबंद, दोन इंग्लिश हॉर्न, आहेत, आणि पहिलाच भाग संथ चालीचा.

आता ४५, 'निरोपाची' सिंफनी. या महिन्यातले अकरा दिवस एका सिंफनीवर गेले.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १७७२ मध्ये हायडनचे मालक निकोलाउस राजे एस्टरहाझाच्या उन्हाळी महालात नेहमीपेक्षा जास्त रमले. वादकांची बायकामुलं आइझेनश्टाटला, दिवसभराच्या वाटेवर. हायडननं शेवटच्या भागात एकेका वादकाला मेणबत्ती विझवून निघून जायला लावलं. राजेसाहेब समजले आणि दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला. ही हकीकत हायडननं म्हातारपणी आपल्या चरित्रकारांना सांगितलेली आहे.

मी ही गोष्ट ऐकून थेट शेवटचा भाग लावायचे. या वेळी पहिल्यापासून ऐकलं आणि लक्षात आलं की घरची ओढ पहिल्याच स्वरापासून आहे. एफ शार्प मायनर ही पट्टी त्या काळच्या सिंफनीत जवळपास सापडत नाही. मी लहानपणी सात वर्षं व्हायोलिन शिकले, म्हणून वाद्य काढून पाहिलं: या पट्टीच्या मुख्य स्वराला आणि पंचमाला व्हायोलिनच्या एकाही उघड्या तारेचा आधार नाही. तारा खुलून गुंजतच नाहीत, बोटं कायम दाबून. पहिल्या भागाचा तो कोंडल्यासारखा आवाज कुठून येतो ते हाताला कळलं.

हॉर्नची अडचण आणखी मोठी. त्या हॉर्नला झडपा नव्हत्या; आपल्या तुतारीसारखे ओठांच्या ताणावर निघतील तेच स्वर, आणि पट्टी बदलायची तर नळीत क्रूक नावाचा वेगळ्या लांबीचा वळवलेला तुकडा बसवायचा. एफ शार्पचा क्रूक कुणाकडेच नसायचा. म्हणून ऑक्टोबर १७७२ मध्ये दरबारानं अर्ध्या स्वरानं उतरवणारे खास क्रूक बनवून घेतले. म्हणजे हा बेत ऐन वेळी सुचलेला नाही. घरी जायचा अर्ज लिहिण्यासाठी आधी लोहाराकडून लेखणी घडवून घ्यावी, तसं आहे हे.

शेवटच्या भागात कोण कधी उठतं ते स्कोअर समोर ठेवून लिहून काढलं. आधी पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न, मग बासून हे खर्जातलं फुंकवाद्य, मग दुसरा ओबो आणि पहिला हॉर्न, मग डबल बास, चेलो, बाकीची व्हायोलिनं, व्हियोला. बहुतेकांना जाता जाता एकट्यानं काही बोलायला मिळतं. बासूनवाला मुकाट्यानं जातो. डबल बासचा निरोप सर्वांत मोलाचा, कारण त्याच्याच ओळीतून संगीत ए मेजरहून पुन्हा एफ शार्पकडे वळतं. वाट दाखवून तो निघून जातो. शेवटी घोडीवर म्यूट, म्हणजे आवाज दबवणारी चिमटी, लावलेली दोनच व्हायोलिनं उरतात. तोमासिनी आणि स्वतः हायडन.

ऐकायला मी ट्रेव्हर पिनॉक आणि त्यांच्या इंग्लिश कॉन्सर्ट या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग घेतलं, कारण त्यात जुन्या पद्धतीचे हॉर्न आहेत आणि क्रूकची ही सगळी खटपट कानाला लागते. संगीत-संचालक डोराटी यांचा सगळ्या सिंफनींचा संच रोजच्या ऐकण्यासाठी माझा आवडता आहेच. १९५६ नंतर हंगेरी सोडून आलेल्या वादकांचा तो ऑर्केस्ट्रा, आणि त्यांनी वाजवलेली ही निरोपाची सिंफनी. तो भाग मी दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा ऐकवला नाही.

त्याच सालातली ४७ वी गमतीची आहे. तिच्या मिनुएटचा उत्तरार्ध म्हणजे पूर्वार्धच उलटा वाजवलेला. स्कोअरवर बोट ठेवून उजवीकडून डावीकडे वाचत गेले, एकही स्वर चुकला नाही.

४६ मी मुद्दाम मागे ठेवली होती, काल ऐकली. बी मेजर, म्हणजे ही पट्टीही तेवढीच अवघड, आणि हॉर्नना तेच नवे क्रूक कामी आलेले. शेवटचा भाग पळत असतो, मध्येच थांबतो, आणि आधी संपलेला मिनुएट पुन्हा डोकावून जातो. आज परत तीच लावणार आहे. पुढच्या नोंदीत १७७४ ची ६०, तिच्या शेवटच्या भागात व्हायोलिनवाले वाजवता वाजवता थांबून तारा लावून घेतात. त्याआधी माझ्या व्हायोलिनला नव्या तारा आणायच्या आहेत.