एमजी : वजन की मिलिग्रॅम?

अकरावीच्या भौतिकशास्त्राची टिपणं मुलांना फोनवर वाचता यावीत म्हणून मी त्यांचं वेबपान करायला घेतलं. छापील प्रत लाटेकमध्ये, म्हणजे शास्त्रीय मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीत होती. तिथे एसआययुनिटएक्स हे पॅकेज संख्या आणि एककामधली बारीक मोकळी जागा, एककाची सरळ अक्षरं, घातांक, सगळं सांभाळायचं. वेबसाठी मॅथएमएल, म्हणजे वेबपानावर सूत्रं दाखवणारी खुणांची भाषा, मी हाताने लिहिलं, आणि पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, इथे वजन मिलिग्रॅममध्ये का दिलंय?’

तिने बरोबर वाचलं होतं. राशीची चिन्हं तिरकी आणि एककं सरळ, हा एसआय या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचा नियम मीच वर्गात शिकवलेला. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण लिहिताना एम आणि जी ही दोन अक्षरं मी एकाच ‘एमआय’ टॅगमध्ये, म्हणजे चिन्हाभोवती घालायच्या खुणेत, कोंबली होती. या टॅगमध्ये एकच अक्षर असलं तर ते आपोआप तिरकं उमटतं, जास्त असली तर सरळ. म्हणून माझं वजन मिलिग्रॅम झालं. त्याच कारणाने किलोग्रॅम नीट दिसत होता आणि मीटर मात्र तिरका, म्हणजे हुबेहूब वस्तुमानासारखा.

वजनासाठी दोन वेगळे टॅग केले, मध्ये न दिसणारं गुणाकारचिन्ह घातलं. मीटर, सेकंद, न्यूटन अशा एकाक्षरी एककांना ‘मॅथव्हेरियंट’ या अक्षराचं वळण ठरवणाऱ्या गुणधर्माची किंमत ‘नॉर्मल’, म्हणजे सरळ, दिली. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या २००३ च्या एककांवरच्या टिपणातही हेच सुचवलेलं आहे.

खरा वेळ गेला तो त्वरणाच्या एककात. मीटर आणि सेकंदाच्या मध्येही मी तेच अदृश्य चिन्ह टाकलं. त्याला स्वतःची रुंदी नसते, त्यामुळे दोन्ही अक्षरं चिकटली आणि ९.८ च्या पुढे चक्क मिलिसेकंदाचा उणे दोन घात दिसू लागला! मुलांनी एककांवरून उत्तर तपासावं म्हणून मी जीव तोडून सांगते, आणि एकक मीच चुकीचं दाखवत होते. शेवटी ‘एमस्पेस’ टॅगने ०.१६७ एमची (हा एम म्हणजे मीटर नव्हे, अक्षरांच्या आकाराएवढं माप) जागा सोडली आणि उणे दोनचा घातांक फक्त सेकंदाला बांधला. संख्या आणि एककाच्या मध्येही तेवढीच जागा ठेवली.

मग पानावरची सगळी एककं पुन्हा एकेक करून तपासली. बलाच्या आघूर्णात न्यूटन आणि मीटर चिकटलेले सापडले, तेही सोडवले. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला तिच्या फोनवर पान उघडायला लावलं आणि वजनाचं सूत्र मोठ्याने वाचून घेतलं. ‘वस्तुमान गुणिले जी,’ ती म्हणाली.