मॅक्लिओडगंजला पाणी ९३ अंशांवर उकळतं

१९६० साली दलाई लामा हिमाचलमधल्या धरमशालेला आले आणि वरच्या मॅक्लिओडगंजमध्ये तिबेटी स्वयंपाक रुजला. पुढे जपानीही आला. जोगीवारा रोडवरचं ‘लुंग ता’ हे शाकाहारी जपानी उपाहारगृह तर तिबेटच्या माजी राजकीय कैद्यांना हातभार लागावा म्हणून निघालं. गाव सुमारे २,००० मीटर उंचावर, त्यामुळे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. दोन्ही स्वयंपाक उकड-वाफेचे, त्यामुळे हे सात अंश फार जाणवतात.

मोमोचंच बघा. २५० ग्रॅम मैद्याला १२५ मिली साधं पाणी, घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. पारी कडेला पातळ, मध्ये जाड. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हातांना हे सांगावं लागत नाही. कोबीला मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा. नाही पिळला तर आत पाणी सुटतं आणि मोमो उचलताना बूड फाटतं. चाळणीला तेल हवंच. पुण्या-मुंबईत १०-१२ मिनिटं वाफ पुरते, तिथे १५ धरा.

जपानी ग्योझा दिसायला मोमोचा भाऊ, पण पीठ वेगळं. मैद्यात उकळतं पाणी घालतात, आपल्या उकडीसारखं, म्हणून पारी मऊ राहते आणि तव्यावर ताणून फाटत नाही. तेलावर दोन मिनिटं बूड लाल करायचं, पाव वाटी पाणी ओतून पाच मिनिटं झाकण, मग झाकण काढून पाणी पूर्ण आटू द्यायचं. इथे घाई झाली की बूड चिवट होतं.

थेनथुक म्हणजे पिठाचे तुकडे तोडून टाकलेला तिबेटी रस्सा. त्याचं पीठही अर्धा तास मुरलेलं हवं, नाहीतर पट्टी ओढली की आखडते. रस्सा खळखळत असतानाच अंगठ्याएवढे तुकडे तोडून टाकायचे. उकळी मंदावली की पीठ सुटून रस्सा खळीसारखा होतो. एका वेळी भांडंभर तुकडे टाकू नका, पालक अगदी शेवटी.

मिसोला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी पेस्टला, मात्र उकळी नकोच. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवा आणि उकळी फुटायच्या आत काढा; राहिला तर पाणी बुळबुळीत, कडवट होतं. शाकाहारी दाशीसाठी, म्हणजे सूपच्या मूळ पाण्यासाठी, रात्रभर भिजवलेल्या सुक्या शिताके मशरूमचं पाणी त्यात मिसळायचं. गॅस बंद केल्यावर ४ मोठे चमचे मिसो पळीत कालवून सोडा. पुन्हा उकळलं तर वास उडून नुसता खारटपणा उरतो.

ओनिगिरीसाठी, म्हणजे भाताच्या जपानी मुटक्यांसाठी, जपानी तांदूळ नसेल तर इंद्रायणी चालतो, बासमती नाही. अर्धा तास भिजवून, एका वाटीला दीड वाटी पाणी. उंचावर उघड्या पातेल्यात कणी राहते, तेव्हा कुकरच लावा, आणि भात गरम असतानाच ओल्या, मीठ लावलेल्या हातांनी वळा.