एक्सरेतले पांढरे दाणे

सिंगापूरला एक्सरे टेक्निशियन म्हणून काम करतोय त्याला आता बारा वर्षं होतील, इथे आम्हाला रेडिओग्राफर म्हणतात, कराडला आई अजूनही शेजारपाजारी "हाडांचे फोटो काढतो" एवढंच सांगते आणि तेही काही खोटं नाही. बारा वर्षांत गिळलेली नाणी, सुया, दातांची कवळी, सगळं बघून झालंय. पण ही केस अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

दुपारी दोन-अडीचची वेळ होती. एक अंकल आले, सत्तरी पार, रिटायर्ड टॅक्सीवाले, बरोबर बायको. इथे वयस्कर माणसाला अंकल आणि आँटीच म्हणायचं, मग तो चिनी असो मलय असो की तमिळ. पोटात कळा येतायत, आठ दिवस पोट साफ नाही, ब्लड रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी, म्हणून डॉक्टरांनी पोटाचा एक्सरे सांगितलेला. अंकलना इंग्लिश येत होतं पण कळ आली की माणूस आपल्या भाषेत जातो, त्यामुळे मी माझी ठेवणीतली मँडरिन काढली, "हू छी... ब्ये छी", म्हणजे श्वास सोडा, आता रोखून धरा. माझी मँडरिन इथे सुरू होते आणि इथेच संपते.

फोटो स्क्रीनवर आला आणि मी कपाळाला हात लावला. मोठ्या आतड्याच्या जागी पांढरे शुभ्र बारीक दाणे, कुणीतरी मीठ भुरभुरल्यासारखे. माझा पहिला विचार काय तर मशीन घाण झालंय. आमच्या धंद्यात याला आर्टिफॅक्ट म्हणतात, प्लेटवर काही सांडलेलं असतं, गाऊनला काही चिकटलेलं असतं, एकदा तर एका आँटींच्या ब्लाउजच्या टिकल्यांनी आम्हाला अर्धा तास फिरवलं होतं. म्हणून प्लेट पुसली, गाऊन बदलला, रेडिओलॉजिस्ट मॅडमना फोन करून विचारलं आणि पुन्हा काढला. दाणे होते तिथेच होते. म्हणजे ते अंकलच्या पोटात होते आणि इतके पांढरे म्हणजे धातूच, हाडसुद्धा इतकं चमकत नाही.

मॅडम स्वतः खाली आल्या. बेरियमची टेस्ट (एक्सरेत पांढरं दिसणारं औषध पाजून करतात ती) झालीय का, नाही. कसल्या गोळ्या घेता, बीपीची एक. काही गिळलंय का, अंकल हसायला लागले, मी काय लहान मूल आहे का लाह (हे "लाह" म्हणजे इथल्या बोलीत वाक्याला लावायचं शेपूट). मग मॅडमनी तो प्रश्न विचारला जो खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा, घरचं काही औषध घेता का? अंकल गप्प. आँटी म्हणाल्या, औषध नाही हो, ताकदीचं आहे, तुंग छुंग शिया त्साओ.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. याचा शब्दशः अर्थ हिवाळ्यात किडा, उन्हाळ्यात गवत. तिबेटी लोक यार्त्सा गुनबू म्हणतात, नेपाळी यार्सागुंबा, आपल्या उत्तराखंडात पिथौरागढ, मुनस्यारीकडे कीडाजडी. पण ही ना जडी ना नुसता किडा, ही बुरशी आहे, इंग्लिशमध्ये कॉर्डिसेप्स. हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर साधारण तीन ते पाच हजार मीटर उंचीवर एका पतंगाची अळी जमिनीखाली मुळं खात जगत असते, तिला या बुरशीची लागण होते, बुरशी आतून अख्खी अळी खाऊन टाकते, कातडं तेवढं ठेवते. मग बर्फ वितळला की अळीच्या डोक्यातून एक काळपट तपकिरी काडी जमिनीच्या वर येते. मे-जूनमध्ये गावंच्या गावं पोटावर झोपून ती दोन-तीन सेंटिमीटरची काडी शोधत असतात, पोरांचे डोळे तेज म्हणून पोरांनाही नेतात. भाव म्हणाल तर चांगला माल वजनाला सोन्याच्या बरोबरीने विकला गेलाय.

वजनाला. हा शब्द तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही.

अंकलना थोडं बरं वाटल्यावर ते रंगात आले. १९९३ ला बीजिंगला त्या चिनी धावपटू पोरी कशा धावल्या होत्या, वांग जुनशियाने दहा हजार मीटर ३० मिनिटांच्या आत मारले, जगात पहिली, आणि त्यांचा कोच मा जुनरेन म्हणाला होता की हेच देतो आणि कासवाचं रक्त. तेव्हापासून अंकलच्या मनात होतं पण टॅक्सीवाल्याला परवडणार कुठून. (त्या पोरींच्या यशाचं खरं कारण काय यावर नंतर बरीच राळ उठली ते वेगळं, पण ते मी अंकलना कशाला सांगू.) मग यावर्षी मुलगा तिबेट फिरून आला आणि रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून डबाभर घेऊन आला, बाबांसाठी, चायनीज न्यू इयरची भेट. आँटी त्यातले थोडे थोडे घरच्या मिक्सरला लावून पूड करायच्या आणि अंकल रोज सकाळी गरम पाण्यातून चमचाभर घ्यायचे. तीन महिने.

मॅडमनी आँटींना सांगितलं, उरलेलं घेऊन या, जमलं तर मिक्सरचं भांडंही.

संध्याकाळी आँटी आल्या. लाल मखमलीचं अस्तर लावलेला डबा, त्यात एकूण २८ अळ्या ओळीत मांडलेल्या. मी पहिल्यांदाच हातात घेऊन बघितली. पिवळसर, पाठीवर बारीक वळ्या, टोकाला ती काडी, वास थोडा अळंब्यासारखा थोडा सुक्या मासळीसारखा. आँटींनी मला लगेच शिकवलं, बघ, खरा असेल तर पायांच्या आठ जोड्या आणि मधल्या चार ठळक दिसतात. मोजले. बरोबर आठ, मधले चार ठळक. माल अस्सल होता. आँटींच्या चेहऱ्यावर विजय, सांगत नव्हते का मी.

शेवटचा पेशंट गेल्यावर मॅडमच्या परवानगीने मी स्वच्छ प्लॅस्टिक अंथरलं आणि त्यावर सातच्या चार ओळी लावल्या, आपल्याकडे कुरडया वाळत घालतात तशा. बोटाच्या एक्सरेचं सेटिंग लावलं, ४५ केव्ही. बटण दाबलं.

स्क्रीनवर २८ करड्या सावल्या उमटल्या, वळ्या वळ्यांच्या, सुंदर दिसत होत्या खरं सांगायचं तर. आणि त्यातल्या नऊ जणांच्या पोटातून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक पांढरी सरळ रेघ. तार. मॅडमनी एक मोडून बघितली, करडी मऊ तार निघाली, नखाने दाबली तर खूण उमटली, कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी रेघ. शिसं. एकेका अळीचं वजन ते काय, अर्धा ग्रॅमही नाही, आत तार सरकवली की काटा वर जातो आणि बाहेरून काही कळत नाही कारण किडा खराच आहे, पाय मोजा नाहीतर काही करा.

मॅडम म्हणाल्या ही लबाडी जुनी आहे, तैवानमधून १९९६ ला दोन पेशंटचा रिपोर्ट छापून आला होता, याच पुडीतून शिशाची विषबाधा. आणि तार नसली तरी २०१६ मध्ये खुद्द चीनच्या सरकारी खात्याने लोकांना सावध केलं होतं की यात आर्सेनिक जास्त सापडतंय, बराच काळ खाणं धोक्याचं.

मिक्सरचं भांडं मी उजेडात धरून बघितलं. पात्यांच्या मुळाशी करड्या रंगाचा चकचकीत थर बसला होता, बोट फिरवावंसं वाटेल इतका गुळगुळीत. त्याच भांड्यात आँटी मिरची-लसूण वाटायच्या. मग आँटींचंही रक्त घेतलं.

रिपोर्ट आले. अंकलच्या रक्तात शिसं भलतंच वाढलेलं, पोटातल्या कळा आणि रक्त कमी होणं त्यानेच. आँटींचं थोडं वाढलेलं. अंकलना ॲडमिट करून आधी आतडं साफ केलं, मग शरीरातलं शिसं धरून लघवीतून बाहेर काढणारं औषध सुरू झालं.

मुलगा दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून तसाच आला. मी वॉर्डात दुसऱ्या एका पेशंटसाठी पोर्टेबल मशीन घेऊन गेलो होतो. तो फोनवर तो २८ अळ्यांचा एक्सरे झूम करून बघत होता, एक एक रेघ, आणि अंकल त्याला काहीतरी समजावत होते, बहुतेक हेच की तुझी काय चूक. मी मशीन ढकलत तिथून सटकलो.

ही गोष्ट घरी सांगितल्यावर वडील म्हणाले चिन्यांचं काही खरं नाही. म्हणलं बाबा, आपल्या आयुर्वेदातलं नागभस्म कशाचं असतं? शिशाचंच की. फोनवर बराच वेळ शांतता. नाशिकचा मावसभाऊ मात्र घाबरला, कारण तो एसी रूममध्ये बरण्यांत तांदळावर कॉर्डिसेप्स पिकवतो, त्याला समजावलं की तुझी ती केशरी रंगाची वेगळी जात, त्यात किडाच नाही तर तार घालणार कुठे. तरी त्याने एक बरणी एक्सरे काढायला पाठवू का विचारलंच.

दहा-बारा दिवसांनी अंकलचा पुन्हा फोटो काढला. आतडं स्वच्छ, दाणे गायब. "हू छी, ब्ये छी" म्हणायच्या आधीच अंकलनी श्वास सोडून रोखला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

बाहेर आँटी थांबल्या होत्या. माझा हात धरून बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, तू फोटो काढलास ना त्या दिवशी, नऊमध्ये तार होती, मग उरलेल्या एकोणीसमध्ये तर नव्हती ना? मी म्हणलं नव्हती. मग त्या एकोणीस परत मिळतील का लाह? फार महाग आहेत रे.

म्हणलं आँटी, मॅडमना विचारा.

"त्यांनाच विचारलं आधी," आँटी म्हणाल्या, "त्या ओरडल्या."