सभागृह आमचं, कचरा कोणाचा?

आमचा व्यवसाय म्हणजे सभागृह भाड्याने देणं. संमेलनं, वाढदिवस, लग्नं, प्रदर्शनं, जे येईल ते. सुरुवातीला कचरा हा आमच्या हिशेबात विषयच नव्हता. कार्यक्रम उरकला की सजावटवाला त्याच्या फ्रेम नेतो, केटरर त्याची भांडी नेतो आणि बाकी सगळं आमच्या आवारात राहतं. गाडी बोलावली की प्रश्न मिटला. पुढे गाडीच्या फेऱ्या वाढल्या, बिलंही वाढली. मग म्हटलं, आपण नेमकं काय फेकायला पैसे देतोय ते तरी बघू.

हे काम कोणालाच नको होतं. मागच्या अंगणात ताडपत्री अंथरली, हातमोजे चढवले आणि पिशव्या रित्या करून ढीग लावले. वजनाला सगळ्यात भारी निघालं अन्न. जागा खाल्ली ती कप, ताटल्या आणि थर्माकोलने. त्यात थर्माकोलमध्ये जवळपास ९८ टक्के हवाच असते, म्हणजे गाडीभाडं आम्ही हवेचंच भरत होतो. जीव हळहळला तो पुठ्ठ्यासाठी. सकाळी कोराकरकरीत आलेला पुठ्ठा रात्री खरकट्यात भिजून गेला होता, आणि तेल प्यालेला पुठ्ठा पुनर्वापराला कोणी घेत नाही.

पहिलं पाऊल धुता येणाऱ्या भांड्यांचं. स्टीलच्या ताटल्या विकत घेणं सोपं. खरवडायला, धुवायला, निथळायला आणि रचून ठेवायला जागा करणं अवघड. तेवढी सोय नसेल तर भांडी ओलीच एकात एक जातात आणि पुढच्या कार्यक्रमाला वास मारतात. आम्ही कडेची एक खोली त्यासाठी मोकळी केली. तरी ग्राहक विचारायचे, कागदी कप चालतात ना? कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर त्यात पाणी टिकलंच नसतं. ‘विघटनशील’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या पीएलएच्या, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या प्लॅस्टिकच्या, वाट्यांना कुजायला साधारण ५८ अंशांची सलग धग लागते, ती मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात मिळते. आमच्या कंपोस्टच्या ढिगातून त्या वाट्या जशाच्या तशा निघतात, फार तर थोड्या वाकड्या.

अन्नाचं दुखणं आमच्यापुरतं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा खानपान व्यवसायाचा होता. आम्ही दोनच गोष्टी धरून बसलो. पाहुण्यांचा पक्का आकडा आल्याशिवाय स्वयंपाकाचं प्रमाण ठरवायचं नाही, आणि मोठी पातेली एकदम बाहेर काढायची नाहीत. लहान भांड्यांतून पुन्हा पुन्हा भरायचं. आत राहिलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांखाली थंड असेल तरच पुढे द्यायचं. टेबलावर दोन तासांहून जास्त उघडं पडलेलं अन्न वाटून टाकणं याला आम्ही दानधर्म म्हणत नाही.

खरकटं कंपोस्टला जातं. नुसतं ओलं टाकलं की आंबतं आणि नाक धरावं लागतं; सुका पाला किंवा लाकडाचा भुसा सढळ हाताने मिसळावा लागतो. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण साधारण ३० ला १ असेल तर ढीग छान तापतो, उलथताना वाफा निघतात. फुलंही त्यातच जातात, पण आधी दोरा आणि तार काढून. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला इलाज नाही.

सजावटीत सगळ्यात जास्त वाद झाले. फुलं खोचायचा हिरवा फोम आम्ही बंदच केला. तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा असतो, कुजत नाही, नुसता भुगा होत राहतो. त्याऐवजी तारेची जाळी गुंडाळून भांड्यात बसवतो, वर्षानुवर्षं चालते. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. दोन्ही वेगळं करणं परवडत नाही आणि जाळलं तर विषारी धूर. आता लाकडी चौकट आमची कायमची, अक्षरं खाचेत बसवायची. कापडी पडदे, बोल्टने जोडायचे खांब, टेबलांवरचे क्रमांक, सगळं एका खोलीत लेबल लावून ठेवलंय, आणि बुकिंगला आलेल्यांना त्याचे फोटो आधी दाखवतो. घरून कल्पना पक्की करून आलेल्या माणसाला नंतर वळवणं कठीण जातं.

करारातही कलम घातलं: सजावटीचं साहित्य मागे राहिलं तर उचलण्याचा खर्च अनामत रकमेतून कापणार. काही सजावटवाले कुरकुरले, एकाने येणंच बंद केलं. राहिलेले मात्र दुसऱ्या कार्यक्रमापासून रिकामी खोकी स्वतःहून गाडीत टाकायला लागले.

डब्यांवरच्या सूचना कोणी वाचत नाही. म्हणून प्रत्येक डब्याच्या वर फळी लावून तिच्यावर खऱ्या वस्तूच चिकटवल्या: बाटली, पुठ्ठ्याचा तुकडा, चुरगळलेला कागद. लहान मुलं बरोबर टाकतात, मोठ्यांना अजून एक माणूस शेजारी उभा करावा लागतो.

चमकीची पूड आणि फुगे यांच्याशी आमचं अजून जमलेलं नाही. फरशीच्या फटीतून चमकी निघतच राहते. सध्या डोक्यात विषय आहे प्रदर्शनांच्या गालिच्यांचा. दुहेरी टेपने चिकटवून, एकदाच वापरून ते फाडून काढतात. चौकोनी तुकड्यांचे गालिचे घ्यावेत, डाग पडला तर तेवढाच तुकडा बदलता येतो. नमुने आलेत, त्यांच्यावर खुर्च्या ओढून आणि रंग सांडून बघतोय.