प्लायची आठ फुटी टाकी: काच बसेपर्यंतची नोंद

बाहेरून लांबी २४४० मिमी, रुंदी ९००, भिंतींची उंची ७५०. पाणी ६८० पर्यंत, म्हणजे साधारण १४०० लिटर. मासे ठरलेले आहेत: डेनिसन बार्ब, दुकानातली ‘मिस केरळ’. पश्चिम घाटातल्या वाहत्या पाण्याचा, थव्याने सरळ रेषेत धावणारा मासा. २०१३ पासून त्याच्या प्रजातीचं नावच ‘सह्याद्रिया’ आहे. त्याला उंची नको, धाव हवी. टाकी बांधणाऱ्याच्याही ते पथ्यावर पडतं, कारण भिंतीवरचा रेटा पाण्याच्या उंचीने वाढतो. ६८० मिमीला समोरच्या बाजूवर साडेपाचशे किलोचा रेटा येतो. उंची निम्मी केली तर तो पावपट होईल.

वजनाचा हिशेब आधी. पाणी १४०० किलो, प्लाय सव्वाशे-दीडशे, वर काच, खडी, दगड, स्टँड धरून पावणेदोन टन. टाकीखालची जागा २.२ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला आठशेच्या आसपास. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो धरलेले असतात. ‘भिंतीलगत, बीमवर ठेवली की चालतं’ हा युक्तिवाद ज्याला करायचा असेल त्याने तो स्ट्रक्चरल इंजिनिअरसमोर करावा. ही टाकी तळमजल्यावर, थेट जमिनीवरच्या कोब्यावर आहे. स्टँड ५० × ५० × ३ मिमी चौकोनी पाईपचा, आठ पायांचा. पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली. चारही कोपऱ्यांत २ मिमीपेक्षा जास्त फरक नाही.

प्लाय १९ मिमी, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक), चार शीट. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात त्यावर जाऊ नये. कोपऱ्याचा तुकडा मागून घ्यावा आणि दिवसभर पाण्यात उकळावा. पापुद्रे सुटले तर ते शीट परत. कापणी अशी: पहिल्या शीटमधून तळ (२४४० × ९००), दुसऱ्यातून पाठ, तिसऱ्यातून पुढची चौकट, चौथ्यातून दोन्ही बाजू (८६२ × ७५०). उरलेल्या पट्ट्यांतून वरची १५० मिमी रुंद कडी, म्हणजे टाकीच्या तोंडाभोवती बसणारी आडवी चौकट, दुहेरी, कोपऱ्यांचे सांधे एकावर एक येणार नाहीत अशी. पुढच्या चौकटीतली खिडकी २२०० × ५००. तिचे कोपरे काटकोनात कापू नयेत, जिगसॉने गोलाई द्यावी; चौकट तडकायला सुरुवात काटकोनातूनच होते.

भिंती तळाच्या वर उभ्या केल्या, तळाच्या कडेला बाहेरून लावल्या नाहीत. बाहेरून लावल्या की पाणी स्क्रू थेट उपसून काढायला बघतं; वर उभ्या असल्या की तोच रेटा स्क्रूला आडवा बसतो. स्क्रू एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलचे, ५० मिमीचे, दर १०० मिमीवर, प्रत्येकाला आधी ३ मिमीचं भोक. भोक न पाडता प्लायच्या कडेत स्क्रू घातला की थर फाकतात आणि ती भेग वरून दिसतही नाही. सांध्यात पांढरा गोंद नाही, घट्ट केलेलं एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवलं की कडक होणारं मिश्रण). सुतार दोनदा विचारतो, दोनदा सांगावं.

आता खरं काम. प्लाय फक्त ताकद देतो, पाणी अडवतं ते एपॉक्सी. शिवाय मरीन प्लायवर वाळवी-बुरशीविरोधी रसायनांची प्रक्रिया असते, तेव्हा लाकडाला पाण्यापासून जपायचं तसंच माशांनाही लाकडापासून. सॉल्व्हंट नसलेलं एपॉक्सी घेतलं, सगळं मिळून ७ किलो. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात आधी रेझिनमध्ये फ्यूम्ड सिलिका ही हलकी बारीक पूड कालवून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं मिश्रण भरलं आणि २५ मिमी पीव्हीसी पाईपच्या तुकड्याने ओढून गोलाई दिली. ती चिकट असतानाच वर २०० ग्रॅमच्या विणलेल्या काचकापडाच्या दोन पट्ट्या, ७५ आणि १०० मिमी रुंद. हार्डवेअरच्या दुकानात पुढे करतात ती तुटक धाग्यांची मॅट बहुधा पॉलिस्टर रेझिनसाठी असते. तिचे धागे धरून ठेवणारा बांधक एपॉक्सीत नीट विरघळत नाही, मॅट पांढरी कोरडी राहते आणि तिथूनच पाणी शिरतं.

मिश्रण एका वेळी ४०० ग्रॅमच्या वर करू नये. डब्यात ठेवलं की स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि दहा मिनिटांत दगड होतं. कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओतलं की वेळ मिळतो. प्रमाण वजनकाट्यावर, आणि डब्यावर लिहिलेलं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं हे आधी वाचून.

पहिला हात चुकला. तो सकाळी अकराला दिला गेला. ऊन चढत गेलं, प्लायच्या आतली हवा फुगली आणि पाठीच्या अर्ध्या भागावर खसखशीएवढे फुगे उठले. फुटल्यावर प्रत्येकाच्या मध्ये टाचणीच्या टोकाएवढं भोक. वरून दुसरा हात दिला तरी ही भोकं बुजत नाहीत, त्यांवर नुसती साय धरते. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने सगळा भाग घासला, घट्ट मिश्रण पत्र्याने दाबून भरलं, मग पुढचे दोन हात संध्याकाळी पाचनंतर दिले. तापमान उतरत असताना लाकूड हवा आत ओढतं आणि रेझिनही सोबत आत जातं. दुसऱ्या हातात राखाडी रंग, तिसऱ्यात काळा; काळ्यात राखाडी दिसलं की तिथे हात पोचलेला नाही. शेवटी रात्री टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा उजेड टाकला. दिवसा न दिसलेली अकरा भोकं सापडली.

दोन हातांच्या मध्ये कधी कधी मेणासारखा चिकट थर येतो. दमट हवेत हमखास, म्हणून कोकणपट्टीत हे काम पावसाळ्यात काढूच नये. थर कोमट पाण्याने आणि स्क्रबरने धुवावा, मगच घासावं. न धुता घासला तर पॉलिशपेपर तोच थर आणखी खोल चोळतो आणि पुढचा हात सालपटासारखा निघतो.

ओव्हरफ्लोचे, म्हणजे वरचं जादा पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपांचे, तीन टँक कनेक्टर पाठीत, वरच्या बाजूला. तळाला एकही भोक नाही. प्लायच्या टाक्या कुजतात त्या बहुतेक या भोकांच्या कडेला, कारण तिथे सगळे थर उघडे पडतात आणि कनेक्टरचा वायसर फक्त पृष्ठभागावर दाबतो. म्हणून भोक १० मिमी मोठं पाडलं, घट्ट एपॉक्सीने पूर्ण बुजवलं आणि वाळल्यावर त्या एपॉक्सीतच योग्य मापाचं भोक पाडलं. लाकूड कुठेही उघडं नाही.

काच १२ मिमी, साधी, टफन्ड नाही. २३०० × ६००, म्हणजे चारही बाजूंना ५० मिमी टेकू. वजन ४१ किलो. ती आतून बसते, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. इथे एक गंमत आहे: वरची कडी आधी लावली असती तर वरचं तोंड २१४० मिमीचं राहिलं असतं, त्यातही मध्ये आडवी पट्टी, आणि काच २३०० ची. म्हणून कडी शेवटी. एपॉक्सीला आठ दिवस दिले, टाकी पुढच्या चौकटीवर पालथी पाडली, चौकटीची आतली कड ८० नंबरने खरखरीत करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि ३ मिमी रबराचे तुकडे ठेवून काच वरून उतरवली. तुकडे नसतील तर काचेच्या वजनाने सिलिकॉन बाहेर पिळून निघतं आणि उरलेला कागदासारखा थर हलणाऱ्या चौकटीबरोबर ताणू शकत नाही. सिलिकॉन पाच नळ्या, मत्स्यालयाचं. बाथरूमचं बुरशीरोधक चालत नाही. काच दोघांनी व्हॅक्यूम कपने धरून एक लांब कड आधी टेकवावी आणि मग सावकाश झुकवावी, म्हणजे हवा एका बाजूने निघून जाते.

आज सिलिकॉनचा नववा दिवस. ५० मिमी रुंद थर दोन्ही बाजूंनी आत वाळत जातो, त्यामुळे आंबूस वास अजून आहे. तो पूर्ण जाईपर्यंत, धरा तीन आठवडे, टाकी उभी करायची नाही. मग कडी, आणि तिच्या मधोमध आडवी पट्टी. पट्टीमुळे कडीचा मोकळा गाळा निम्मा होतो आणि वाक सोळाव्या हिश्शावर येतो. पट्टी गाळून वरून टाकी ‘मोकळी’ ठेवायचा मोह होतो तेव्हा हा आकडा आठवावा.

पाणी तीन टप्प्यांत: २००, ४०० आणि ६८० मिमी, प्रत्येकी चोवीस तास. खाली सगळ्या सांध्यांलगत वर्तमानपत्र. पाठीच्या दोन्ही कडांवर १० मिमीचे ठोकळे, त्यांवर वरच्या तिसऱ्या भागात दोरा ताणलेला. मध्यावरचं अंतर १० चं ७ च्या खाली आलं तर भरणं तिथेच थांबवून पाठीला उभ्या पट्ट्या मारायच्या.