नुसती शिट्टी

नाशिकजवळच्या ओझर विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमधून पाहिलं तर आकाश रिकामंच दिसतं. मुंबईसारखी विमानांची रांग इथे नसते. पण जे असतं ते सगळं वेगवेगळ्या जातीचं: प्रवासी जेट, एचएएलच्या विमान कारखान्यातून चाचणीला निघालेलं सुखोई फायटर, मधूनच नाशिककडून एखादं हेलिकॉप्टर. प्रत्येकाचा वेग निराळा.

जूनचे पहिले दिवस होते, पाऊस यायचा होता. वारा पश्चिमेचा, म्हणून टेकऑफही पश्चिमेकडे. दिल्लीचं जेट धावपट्टीवर लाइन अप होऊन उभं होतं. परत येणारं फायटर दहा मैलांवर. दोघांत अंतर पुरेसं होतं, जेट सहज निघालं असतं. तेवढ्यात रेडिओवर हेलिकॉप्टरच्या पायलटचा आवाज आला: आडगाववर आहे, उंची ४००० फूट, दिंडोरीकडे निघालोय.

ओझरची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर. आडगावहून दिंडोरीला जाणारा माणूस जेटची वाट धावपट्टीपुढे तीन-चार मैलांवर कापणार, आणि जेटही तिथे साधारण त्याच उंचीवर पोचणार. मी हेलिकॉप्टरला सांगितलं, हायवेच्या दक्षिणेलाच थांबा, तिथेच घिरट्या घाला. उत्तर म्हणून कानात नुसती शिट्टी वाजली. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले की अशीच चिरकी शिट्टी येते. त्यातला एक जेटचा पायलट होता, "रेडी" एवढं कळलं. दुसरा हेलिकॉप्टरवालाच असणार. पण "थांबतो" म्हणाला की "आधीच पुढे आलोय"?

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जंबो धुक्यात धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. अगदी शेवटच्या क्षणी एकाने "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" असं सांगितलं होतं. दुसऱ्या कॉकपिटमध्ये त्या वाक्याच्या जागी अशीच शिट्टी ऐकू आली. त्या अपघातात "टेकऑफ" या शब्दाचाही घोळ झाला होता, म्हणून त्यानंतर आमच्या बोलण्यातून तो शब्दच काढून घेतला. परवानगी देताना किंवा रद्द करतानाच तो उच्चारायचा, एरवी "डिपार्चर".

जेटला म्हटलं, होल्ड पोझिशन, म्हणजे आहे तिथेच थांबा. फायटरला सांगितलं, उतरू नका, अजून एक फेरी मारा. त्याच्याकडे इंधन होतं. हेलिकॉप्टरला पुन्हा हाक मारली. या वेळी रीडबॅक, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवणं, स्वच्छ आला: हायवेच्या दक्षिणेला घिरट्या घालतोय, हायवे दिसतोय. मग जेट सोडलं. ते ४००० च्या बरंच वर गेल्यावर हेलिकॉप्टरला दिंडोरीची वाट मोकळी केली. पाठोपाठ फायटर उतरलं.

लोक विचारतात, विमानांत टक्कर टाळायला सावध करणारा टीकॅस असतो ना? असतो. १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, त्यानंतर आपल्याकडे तो सक्तीचाही झाला. पण जमिनीपासून पहिल्या हजारेक फुटांत तो "वर जा, खाली जा" असं सांगत नाही. आणि समोरच्याच्या ट्रान्सपॉन्डरने, म्हणजे विमानाची माहिती आपोआप कळवणाऱ्या यंत्राने, उंची कळवली नाही, तर त्याहून वर गेल्यावरही नाही.

संध्याकाळी चहा घेताना आमचे एक सीनियर म्हणाले, "फायटरला कशाला फिरवलंस? जेटला उडाल्या उडाल्या उजवीकडे वळव म्हणायचं, दिल्ली तिकडेच आहे. पंचेचाळीस अंशांनी वाटा फुटल्या की झालं."

नियम बरोबर आहे, पण तो एकाच धावपट्टीवरून एकामागोमाग निघणाऱ्या दोन विमानांसाठी. शिवाय उजवीकडे म्हणजे उत्तरेला, आणि हेलिकॉप्टरही उत्तरेलाच निघालेलं. ते नेमकं कुठे आहे तेच त्या घडीला मला माहीत नव्हतं. सरांना हे अजून पटलेलं नाही.