दुपारी दोननंतर झोपणारं मशीन

काकांचा फोन आला की विषय दोनच असतात, एकतर आंबा किती निघाला नाहीतर मशीन बसलं. यंदा एप्रिलमध्ये सलग चार दिवस दुसराच विषय.

"रे, ता तुझा मशीन परत झोपला!"

"तुझा" मशीन हं. नीट चालत असतं तेव्हा ते काकांचं असतं, कुणी पाहुणा आला की बिलिंग सगळं कंप्यूटरवर आहे म्हणून मिरवायला. झोपलं की माझं.

आमचा मांगर देवगडपासून जरा आत आहे. सीझनला तिथे भाताच्या पेंढ्यात आंब्याची आढी लावलेली, एका बाजूला पोरं डझनाच्या हिशोबाने पेट्या भरतायत, वर पत्रा, आणि कोपऱ्यातल्या टेबलाखाली हा डेस्कटॉप. जुना आय-थ्री आहे, ३.४ गिगाहर्ट्झचा, ४ जीबी रॅम. येणाजाणाऱ्याचे पेनड्राइव्ह लावून लावून त्याच्यावर इतके व्हायरस झाले होते की शेवटी वैतागून मी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. बिलिंगसाठी एक छोटं अॅप मीच लिहिलंय, ब्राउझरमध्ये उघडतं, मागे मारियाडीबी हा डेटाबेस आहे, बाकी लेबल प्रिंटर आणि कुरिअरवाल्यांच्या साइट टॅबमध्ये उघड्या. म्हणजे फार काही ओझं नाही.

तक्रार अशी की सकाळी मशीन घोड्यासारखं पळतं आणि दुपारी दोननंतर सेव्ह दाबलं की अर्धा अर्धा मिनिट नुसतं बघत बसायचं. संध्याकाळी वाशीचा टेम्पो येऊन उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि लेबलं काही निघत नाहीत. मी ठाण्यात. ऑफिसचं काम बाजूला सारून एसएसएचने, म्हणजे दुरून मशीनवर कमांड चालवायच्या सोयीने, आत शिरलो आणि नेहमीच्या सवयीने एचटॉप चालवलं.

एचटॉप माझं जुनं लाडकं टूल. हिशाम मुहम्मद नावाच्या ब्राझीलच्या माणसाने २००४ मध्ये केलं, २०२० पासून नवीन टीम ते सांभाळते. वरती सिस्टिमला दिसणाऱ्या प्रत्येक कोअरची (म्हणजे थ्रेडची) पट्टी, त्यात हिरवं म्हणजे साधी कामं, लाल म्हणजे कर्नलचं, सिस्टिमच्या गाभ्याचं काम, खाली मेमरीची पट्टी, आणि मग कोणती प्रोसेस किती खाते त्याची यादी. तर त्या दिवशी चारही पट्ट्या शंभर टक्के, सगळ्या हिरव्यागार, आणि लोड अॅव्हरेज नऊच्या वर. लोड अॅव्हरेज म्हणजे काय ते मी काकांना असं सांगितलेलं की चार पोरं पेट्या भरतायत आणि समोर चारच क्रेट आहेत तर लोड चार, सगळे कामात पण तुंबलेलं काही नाही, नऊ क्रेट आले तर पाच रांगेत. (लिनक्समध्ये एक गंमत आहे, डिस्कची वाट बघत अडकून पडलेल्या प्रोसेसही त्या आकड्यात धरतात, त्यामुळे लोड जास्त म्हणजे सीपीयूच कमी पडतोय असं दरवेळी नसतं. इथे मात्र वाट बघण्याचा टक्का, म्हणजे आयओवेट, जवळपास शून्य होता.)

आता इथे मी शेण खाल्लं. मेमरीचं बघितलं तर "फ्री" खाली जेमतेम दोनशे एमबी. म्हटलं झालं, रॅम संपली, ४ जीबीत आजकाल होतं काय, ब्राउझरच सगळी पितो. सेकंडहँड ४ जीबीची पट्टी कुरिअर केली, कणकवलीच्या एका पोराने येऊन बसवून दिली, काकांनी त्याला वर डझनभर आंबे दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता फोन. झोपला.

खरं तर मला माहीत असायला पाहिजे होतं. लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवतच नाही, वाचलेल्या फाइल्स तिथे धरून ठेवतं आणि कुणाला गरज पडली की सोडून देतं. बघायचा तो "अव्हेलेबल"चा आकडा, आणि तो त्या दिवशीसुद्धा दोन जीबीच्या वर होता, माझ्या टर्मिनलच्या हिस्ट्रीत अजून आहे, बघितलं की लाज वाटते. स्वॅपला, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायच्या जागेला, तर हातही लागला नव्हता.

एचटॉपचा दोष नाही म्हणा, ते आत्ता या क्षणी काय चाललंय ते दाखवतं. मला सकाळ आणि दुपार शेजारी शेजारी ठेवून बघायची होती, आणि मी दिवसभर टर्मिनलकडे टक लावून बसणार नव्हतो. म्हणून नेटडेटा टाकलं, मशीनचे आकडे नोंदवून ग्राफ काढणारं टूल. हे कोस्टा त्साऊसिस नावाच्या ग्रीक माणसाने सुरू केलं, एजंट, म्हणजे मशीनवर बसून आकडे गोळा करणारा भाग, सी भाषेत लिहिलाय, जीपीएल लायसन्स म्हणजे कोड खुला, आणि खासियत म्हणजे दर सेकंदाला आकडे घेतं. बाकीची बरीच टूल्स दहा सेकंद, मिनिट, कधी दहा मिनिटांनी एक नोंद करतात आणि मधला झटका सरासरीत विरघळून जातो. नेटडेटा सेकंदाचे आकडे थोडे दिवस ठेवतं, मग मिनिटाचे, मग तासाचे, त्यामुळे जुन्या डिस्कवरही फार जागा खात नाही. बसवलं की काही कॉन्फिगर न करता लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच मशीनच्या, १९९९९ पोर्टवर शेकडो ग्राफ उघडतात. मला हे आवडतं आणि थोडं आवडत नाहीसुद्धा, कारण नवीन माणूस तिथे जत्रेत हरवल्यासारखा होतो, शिवाय आताच्या व्हर्जनमध्ये उघडल्या उघडल्या लॉगिन करा म्हणून मागे लागतं ते डोक्यात जातं. जुनं मशीन म्हणून मी त्याचं मशीन लर्निंग बंद केलं. आणि तो पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका हां, मी एसएसएचच्या बोगद्यातून बघतो.

तीन दिवस काही केलं नाही. काकांना सांगितलं झोपला तर झोपू दे, फक्त वेळ लिहून ठेवा. त्यांनी आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवल्या, पेनाने, आणि फोटो व्हॉट्सअॅप केला.

तिसऱ्या रात्री जेवण झाल्यावर बसलो. सीपीयूचा ग्राफ बघितला तर सकाळी दहाला साधारण तीस टक्के, दुपारी अडीचला शंभर. तेवढाच धंदा, तेवढीच बिलं, उलट सकाळी जास्त, कारण झाडावरचा आंबा सकाळी उतरवून येतो. मग काम वाढलं कुठून? डेटाबेसच्या क्वेऱ्या मोजल्या, त्या तर दुपारी कमी. अर्धा तास मी माझ्याच अॅपला शिव्या घालत होतो की कुठेतरी लूप फिरत असणार.

मग खाली स्क्रोल करता करता सीपीयू फ्रिक्वेन्सीचा ग्राफ दिसला. सकाळी काम आलं की रेघ ३४०० मेगाहर्ट्झला टेकते, काम संपलं की ८०० वर येते. हे बरोबरच आहे, रिकामं असताना ८०० वर बसायला काहीच हरकत नाही, वीज वाचते. पण दुपारी दोननंतर रेघ ८०० लाच चिकटलेली, आणि त्याच वेळी सीपीयू शंभर टक्के बिझी. शंभर टक्के काम करतोय आणि चालतोय ८०० वर!

इथे माझी ट्यूब पेटली. सीपीयूचा टक्का हा त्या क्षणाच्या स्पीडचा टक्का असतो, पूर्ण ताकदीचा नाही. ३४०० वर जे काम तीस टक्के खातं तेच ८०० वर करायला गेलं तर हिशोब येतो सव्वाशेच्या वर, म्हणजे मावतच नाही, मग रांग लागते, लोड नऊवर जातो, आणि एचटॉपमध्ये बघणाऱ्याला वाटतं की काम फार आहे. काम तेवढंच होतं, बैल दमला होता. (एचटॉपमध्येही एफ-टू दाबून सेटिंगमधून फ्रिक्वेन्सी आणि तापमान दाखवता येतं. इतकी वर्षं वापरतोय, कधी लावलं नव्हतं.)

तापमानाचा ग्राफ लावला तर सकाळी सत्तर, मग चढत चढत दीडच्या सुमारास अठ्ठ्याण्णव, आणि तिथून पुढे सपाट. इंटेलचा सीपीयू शंभरीच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच स्पीड पाडतो, थ्रॉटलिंग म्हणतात त्याला, आणि असं किती वेळा झालं ते कर्नल मोजून ठेवतो. तो आकडा काढला, पाच अंकी. कर्नलच्या लॉगमध्येही ओळीच्या ओळी, तापमान मर्यादेच्या वर गेलं, क्लॉक कमी केला. म्हणजे मशीन बिचारं केव्हापासून ओरडून सांगत होतं आणि मी त्याला रॅम भरवत होतो.

पंख्यावर माझा संशय नव्हता कारण सेन्सर सांगत होता २३०० आरपीएम. व्यवस्थित फिरतोय.

शनिवारी कोकण रेल्वेने कणकवली, तिथून एसटी. पोचल्यावर चहासुद्धा न घेता कॅबिनेट उघडला (काकी ओरडली). पंखा खरंच फिरत होता. चार स्क्रू काढून तो हीटसिंकवरून, म्हणजे सीपीयूची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवरून, उचलला तर खाली करड्या-पिवळ्या रंगाची चक्क एक गादी. पेंढ्याचा भुसा, धूळ, आणि समुद्राच्या दमट खारट हवेने ते सगळं चिकटून नमद्यासारखं दाबून बसलेलं, बोटाने धरून उचललं तर अख्खं एका तुकड्यात निघालं, हीटसिंकच्या पात्यांचे ठसे त्याच्या खालच्या अंगाला उमटलेले. पंखा वरच्या वर हवा ढवळत होता, खाली पात्यांमधून एक झुळूक जात नव्हती. रॅमवाल्या पोरालाही दिसलं नसणार, वरून बघितलं तर फिरणारा पंखाच दिसतो.

काकांनी तो तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला.

"म्हणजे साको होतो," ते म्हणाले. "वरसून बरो, आत साको."

हापूसवाल्या माणसाला याहून नीट समजावता आलं नसतं. साका पडलेला आंबा बाहेरून रंगाला वासाला झकास असतो, कापल्याशिवाय कळत नाही.

ब्रशने पाती साफ केली, सीपीयू आणि हीटसिंकच्या मधली, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली. उघडलंच आहे तर म्हणून हार्डडिस्कचे स्मार्ट रिपोर्टही, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढले. पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे नीट वाचता न येणारे तुकडे, शून्य, जीव भांड्यात पडला, पण सीआरसी एरर, म्हणजे केबलमधून जाताना डेटा बिघडल्याच्या नोंदी, एक्केचाळीस. हा आकडा वाढला की बहुतेक वेळा डिस्क चांगली असते, केबल नाहीतर कनेक्टर खराब असतो. साटाची केबल ओढून बघितली तर पिनांवर हिरवट-काळी झाक. समुद्रापासून इतक्या जवळ पितळेचं कुलूप टिकत नाही तिथे ही केबल काय टिकणार. बदलली. तो काउंटर परत शून्य होत नसतो, एक्केचाळीसवर थांबला की समजायचं बरं झालं. थांबलाय.

रविवारी दुपारी अडीचला तापमान एकसष्ट. काका तीनदा येऊन सेव्ह दाबून गेले, उगाचच.

मधल्या मधे ग्राफचा एक वेगळाच उपयोग निघाला. वीज गेली, यूपीएस संपला की मशीन बंद, आणि ग्राफमध्ये तेवढी मोकळी फट. काकांना हे कळल्यावर त्यांनी आठवड्यातल्या सगळ्या फटी तारखेवेळेनिशी पुठ्ठ्यावर उतरवल्या आणि वायरमनला वाचून दाखवल्या. वायरमनने शांतपणे ऐकून घेतलं आणि आंबे कधी देताय विचारलं.

निघायच्या आधी नेटडेटामध्ये एक अलार्म लिहिला, तापमान पाच मिनिटं ८५ च्या वर राहिलं तर टेलिग्रामवर मला मेसेज. यात एक गोम आहे, पहारेकरी आणि घर एकच, मशीनच मेलं तर मेसेज पाठवणार कोण. बाहेरून बघणारं दुसरं काहीतरी हवं, एखादा छोटा कंप्यूटर, रास्पबेरी पाय वगैरे. सध्या ते काम काकांचा फोन करतो.

आठ-दहा दिवस टेलिग्राम गप्प. मग एका मंगळवारी दुपारी, मी लोकलमध्ये, ठाण्याच्या आधी, मेसेज आला: ८९. दोन मिनिटांनी ९१. मी फोन लावला.

"काका, मशीनच्या आजूबाजूला काही केलंत का?"

"नाय रे. काय्येक नाय."

"नीट आठवा. पंख्याच्या बाजूला काही ठेवलंय?"

जरा वेळ शांतता. मागे पोरांचा आवाज, टेपचा चर्र आवाज.

"पेंढो उडता म्हणून गोणपाट घातलंय वरसून. सगळ्या बाजून बांधलंय बरा, सुतळीन. तूच सांगितलंस मा, पेंढो आत जाता म्हणून!"